पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळतो, तरी गाडी दुसरा ईसीएम का स्वीकारत नाही?

म्हादईकाठ (सत्तरी), २२ ऑगस्ट २०२१

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका हायस्कुलात मराठी शिकवते. गाड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण गेला महिनाभर रोज याच विषयात डोकं घालून बसले आहे.

२३ जुलैच्या पुरात आमच्या अंगणात पाणी आलं आणि गाडीच्या सीटा बुडाल्या. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री म्हणाले. माझ्या सासूबाईंनी तो ब्याऐंशीचाही पाहिलेला. त्या म्हणाल्या, तेव्हा पाणी हळूहळू चढलं होतं, या वेळी गाडी हलवायलाही सवड मिळाली नाही.

गाडी २०१३ची डिझेल हॅचबॅक. पाणी ओसरल्यावर आम्ही चावी फिरवली नाही, एवढं शहाणपण दीराने दाखवलं. मेकॅनिकने ऑइल काढलं, इंजिन हाताने फिरवून पाहिलं, इंजिन वाचलं. पण बॅटरीशेजारचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, उघडला तर कनेक्टरच्या पिना हिरव्यागार. तीन पिना हात लावताच तुटून पडल्या. वर्कशॉपने नव्या ईसीएमचे आणि कोडिंगचे मिळून ४६ हजार सांगितले. शेवटी कोल्हापूरच्या एका स्क्रॅपवाल्याकडून त्याच मॉडेलचा जुना ईसीएम ९ हजारांना मागवला. दोन्ही डबे शेजारी ठेवून लेबलावरचा नंबर मी स्वतः वाचून पाहिला. एका अक्षराचाही फरक नाही.

बसवला. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी चालू होत नाही. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. स्कॅनर लावला तर इम्मोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, फॉल्ट दाखवतो.

आता एक मुलगा म्हणतो, "मॅडम, इम्मो ऑफ करून देतो, तीन हजार द्या, चावीची भानगडच संपवून टाकतो." तीन हजार मी देऊ शकते. पण जे संपवायचं आहे ते नेमकं काय आहे, हे कळल्याशिवाय मला हो म्हणवत नाही. डबा तोच, नंबर तोच, मग त्या दोघांत वेगळं काय आहे? आणि गाडीला ते कळतं कसं?

गणपतीची चवथ १० सप्टेंबरला आहे. तोवर गाडी हवी होती.

फोंड्याचा ड्रायव्हर, २२ ऑगस्ट

ताई, आधी एक साधी गोष्ट करून बघा. दोन्ही चाव्या एकाच रिंगला असतील तर वेगळ्या करा. दुसऱ्या चावीतली चिपही त्याच वेळी बोलायला लागली की लॉकभोवतीच्या कॉइलला दोघांचं ऐकू येतं आणि कोणाचंच नीट कळत नाही. खांडेपारच्या पुलावर मी याच कारणाने अर्धा तास अडकलो होतो, मागे ट्रकांची रांग. चावी सुटी केली आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. तुमचं दुखणं बहुतेक वेगळं आहे, पण याला पैसे पडत नाहीत.

सोल्डरवाला म्हापसा, २३ ऑगस्ट

ताई, मी म्हापशाला ईसीएम आणि मीटरच्या प्लेटी (सर्किट बोर्ड) दुरुस्त करतो, चौदा वर्षं झाली. त्याआधी टीव्ही करायचो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: नंबर जुळला म्हणजे डबा जुळला आणि त्यातला प्रोग्रॅम जुळला. त्याची आठवण मात्र कोल्हापूरच्या गाडीची आहे.

ईसीएममध्ये आठवण दोन ठिकाणी असते. एक मोठी, तिला आम्ही फ्लॅश म्हणतो. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, टर्बोला किती दाब, ते सगळे तक्ते तिच्यात असतात आणि एका पार्ट नंबरच्या सगळ्या गाड्यांत ते बहुतेक सारखेच असतात. दुसरी छोटी, ईईप्रॉम. तुमच्या गाडीच्या काळातल्या बऱ्याच डिझेल ईसीएममध्ये तो वेगळा आठ पायांचा आयसी असतो, उकड्या तांदळाचे दोन दाणे शेजारी ठेवावेत तेवढा. अंगावर ९५१६० किंवा ९५३२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिल्यात २०४८ बाइट मावतात, दुसऱ्यात ४०९६. तुमच्या वहीची दोन-तीन पानं भरतील एवढाच मजकूर. पण गाडी 'तुमची' आहे ती या दोन-तीन पानांमुळे. चासी नंबर त्यात, फॉल्टची नोंद त्यात, इंजेक्टरांचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचे) कोड बहुतेक वेळा त्यातच, आणि इम्मोबिलायझरची गुप्त किल्लीही त्यातच. शिवाय एक छोटी खूण असते: हा ईसीएम अजून कोरा आहे की कोणत्या गाडीशी जोडला गेला आहे. कोऱ्याला आम्ही व्हर्जिन म्हणतो. तो पहिल्या भेटीत समोरच्या गाडीचं गुपित लिहून घेतो आणि खूण बदलतो. त्यानंतर दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. तुमचा कोल्हापूरचा डबा एकदा जोडला गेलेला आहे.

आता गाडीला कळतं कसं ते सांगतो. यातच खरी गंमत आहे आणि या धंद्यातला माझा जीव इथेच अडकला.

चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. तिला बॅटरी नाही. रिमोटची बॅटरी वेगळी, ती दारं उघडण्यापुरती. चावी लॉकमध्ये घालून फिरवली की लॉकभोवतीच्या कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झची लहर सुटते आणि तिच्यावरच चिप जागी होते. स्टिअरिंगखालचा इम्मोबिलायझरचा डबा तिला प्रश्न विचारतो, ती उत्तर देते. ते पटलं की दुसरं संभाषण सुरू होतं, आणि तुमचं घोडं या दुसऱ्यावर अडलंय. इंजिनचा ईसीएम इम्मोच्या डब्याला विचारतो, "चावी खरी आहे हे मला कशावरून?"

सगळ्यात जुन्या गाड्यांत याचं उत्तर परवलीच्या शब्दासारखं होतं, रोज तोच शब्द. आडून एकदा ऐकला की काम झालं. नंतर पद्धत बदलली. समजा दोन पहारेकऱ्यांना एकच गुप्त पाढा शिकवून ठेवलाय, जगात तिसऱ्या कोणाला तो येत नाही. पहिला रोज एक नवीन आकडा ओरडतो. दुसरा तो आकडा गुप्त पाढ्यात घालून उत्तर देतो. पहिला मनात तेच गणित करतो आणि ताळा पाहतो. वाऱ्यावर फक्त आकडा आणि उत्तर जातं, पाढा कधीच जात नाही. उद्या आकडा वेगळा, उत्तरही वेगळं. तुमच्या गाडीत इम्मोच्या डब्याला सत्तरीचा पाढा येतो आणि कोल्हापूरच्या ईसीएमला कोल्हापूरचा. उत्तर दर वेळी चुकतं, ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. काही गाड्या सेकंदभर चालू होऊन बंद पडतात, काहींत सेल्फसुद्धा फिरत नाही, तुमच्यात नुसता सेल्फ फिरतो. कंपनीने दरवाजा कुठे लावायचा ठरवला त्यावर ते असतं.

हा मजकूर ईईप्रॉममध्ये एकदाच लिहून सोडत नाहीत. महत्त्वाच्या गोष्टींच्या दोन-दोन प्रती असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी बेरजेचा ताळा. लिहिता लिहिता बॅटरी गेली तर एक प्रत बिघडते, ईसीएम ताळा बघून चांगली प्रत उचलतो. सगळ्याच बिघडल्या तर तो गाडी चालू करत नाही. अडचणीच्या वेळी दार उघडं टाकण्यापेक्षा बंद ठेवायचं, असा तो नियम आहे आणि तो बरोबरच आहे. म्हणून या आयसीत कोणी अंदाजाने एखादा आकडा बदलला की गाडी आणखी अडून बसते.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट ही की पुरात हा आयसी सहसा मरत नाही. पाण्याने तांबं खाल्लं जातं ते बारा व्होल्ट जिथे चालू राहतात तिथे, म्हणून पिना आणि सप्लायची बाजू जाते. पणजी-बेतीकडच्या खाऱ्या पाण्यातली प्लेट दोन दिवसांत संपते. तुमचं म्हादईचं पाणी गोडं, फक्त चिखलाचं. तुमचा जुना डबा फेकू नका. तुमची गाडी अजून त्याच्यातच आहे.

आणि ते इम्मो ऑफ करू नका. हात जोडून सांगतो. त्यात कोल्हापूरच्या ईसीएमला "प्रश्न विचारायचाच नाही" असं शिकवतात. मग चिप नसलेली, लोखंडाची नुसती कापलेली चावीसुद्धा तुमची गाडी घेऊन जाईल. त्या इंजेक्टरांचे कोडही तुमच्या गाडीचे नसतील, थंड इंजिन खडखडेल. आणि त्या मुलाच्या लॅपटॉपवर काय उरलं हे तुम्हाला कधी कळणार नाही. आयसीतून वाचलेल्या फाइलला आम्ही डंप म्हणतो. ज्याच्याकडे डंप, त्याच्याकडे तुमच्या गाडीचा पाढा.

जुना डबा, कोल्हापूरचा डबा, त्या स्क्रॅपवाल्याचं बिल, आरसी, तुमचं ओळखपत्र आणि दोन्ही चाव्या घेऊन या. बिल नसेल तर आधी त्याच्याकडून मागवा. चोरीच्या गाडीचा डबा माझ्या टेबलावर नको. शुक्रवारी येऊ नका, बाजारामुळे गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

म्हादईकाठ, २३ ऑगस्ट

तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पहिल्यांदाच कोणीतरी मला ग्राहक न समजता समजावून सांगितलं. बिल मागवलं आहे, व्हॉट्सॲपवर आलं की प्रिंट काढते.

एक शंका. हा पाढा जर इतका गुप्त, तर तो आठ पायांच्या साध्या आयसीत उघडा का ठेवला? तुम्ही वाचू शकता, म्हणजे चोरही वाचू शकतो.

सोल्डरवाला म्हापसा, २४ ऑगस्ट

बरोबर जागी बोट ठेवलंत.

हे सगळं बनलं तेव्हा भीती वेगळी होती. चोर स्टिअरिंगखालच्या दोन वायरी जोडून दोन मिनिटांत गाडी न्यायचा. युरोपात १९९८पासून नव्या कारना इम्मोबिलायझर सक्तीचा झाला तो यासाठीच. रस्त्यावर उभी गाडी, रात्रीची वेळ, कोण ईसीएम काढून, उघडून, आयसी उपसून वाचत बसणार? तेवढा वेळ चोराकडे नसतो, या हिशेबावर आयसी उघडा राहिला. आणि हिशेब खोटा नव्हता, साध्या वायरी जोडण्याची चोरी खरंच बसली.

कच्चा भाग आधी निघाला तो चावीच्या चिपमध्ये. २००५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या लोकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपची ४० बिटांची गुप्त किल्ली, म्हणजे तिचा पाढा, शोधून दाखवली. २०१२ मध्ये हिटॅग२ या चिपची पाळी आली. तिची किल्ली ४८ बिटांची, आणि ती सहा मिनिटांत काढता येते हे संशोधकांनी गाड्यांवर करून दाखवलं. मग मेगामॉस. तिच्यावरचा निबंध २०१३ मध्ये छापायचा होता, तो लंडनच्या हायकोर्टाने थांबवला. दोन वर्षांनी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, एक वाक्य गाळून छापून आला. मेगामॉसची किल्ली ९६ बिटांची, म्हणजे आकड्याने भरपूर. पण गणिताची रीत कच्ची, आणि काही गाड्यांत किल्ल्याच अशा भरलेल्या की अंदाज बांधता यावा. मला यातून एवढं कळलं की पाढा गुप्त ठेवावा, पण गणिताची रीत चारचौघांत तपासून घ्यावी. या कंपन्यांनी रीतच लपवली, म्हणून तिच्यातली चूक इतकी वर्षं कोणी सांगितली नाही.

ईसीएमच्या बाजूनेही बदल झाला. आधी वेगळा आयसी गेला आणि तो मजकूर मुख्य प्रोसेसरच्याच पोटात, डेटा फ्लॅशमध्ये गेला, वाचायला पासवर्ड लागेल असा. आता त्याच्याही पुढे, प्रोसेसरच्या आत एक वेगळी तिजोरी असते. एसएचई नावाची एक ठरलेली पद्धत आहे, तिच्यात एईएस या गुप्तलेखनाच्या रीतीची १२८ बिटांची किल्ली आत लिहिता येते, तिच्याकडून गणित करून घेता येतं, पण ती परत बाहेर वाचता येत नाही. मुख्य प्रोग्रॅमलासुद्धा नाही. असे डबे माझ्याकडे येतात तेव्हा मी हात जोडून परत पाठवतो, त्यांचं जोडणं कंपनीच्या सर्व्हरशी बोलूनच होतं. किल्ली बाहेर येऊ नये हे मला मान्य आहे. पण पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकाला दुरुस्तीचा एकच दरवाजा उरतो आणि त्या दरवाजावरचा दर तोच ठरवतो, हे मला मान्य नाही. आरसी आणि मालक दोघे समोर उभे असताना त्याच्या गाडीचं गुपित त्याला वापरता यावं, अशी काहीतरी सोय कायद्याने व्हायला हवी.

तुमची गाडी २०१३ची, तुम्ही पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यातला आठ पायांचा आयसी मला दिसतोय. आशा आहे.

रेंट-अ-कॅब कळंगुट, २४ ऑगस्ट

सोल्डरवाल्या दादांच्या बोलण्याला माझीही पुस्ती. आमच्या एका पाहुण्याने चावी खिशात ठेवून बागाच्या समुद्रात आंघोळ केली. रिमोट मेला, बटणाने दार उघडेना. पण लोखंडाच्या पात्याने दार उघडून चावी लॉकमध्ये फिरवली तर गाडी चालू झाली. त्या चिपला बॅटरी नसते ते तेव्हा कळलं.

आणि दुसरी चावी सांभाळा. गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही मूळ चाव्या मागतात. इम्मो काढून टाकलेल्या गाडीचा क्लेम घेऊन त्यांच्यासमोर बसायची माझी तरी हिंमत नाही.

म्हादईकाठ, ३ सप्टेंबर

काल म्हापशाला जाऊन आले. जे पाहिलं ते लिहून ठेवते, माझ्यासारख्या कोणाला उपयोगी पडेल.

दादांनी आधी आरसी आणि बिल वाचलं, मग हत्यार उचललं. आमचा जुना डबा उघडला तेव्हा आत चिखलाचा पातळ, वाळलेला थर होता, भिंतीवर पुराची रेघ राहते तशी एक रेघ प्लेटीच्या मधोमध. त्यांनी मऊ ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून तो कोपरा तेवढा धुतला. मला भिंगातून पाहू दिलं. आठ पाय, त्यांतला एक हिरवट. त्यांनी गरम हवेने आयसी सोडवला आणि चिमट्याने उचलून वाचायच्या सॉकेटमध्ये ठेवला. प्लेटीवर असतानाच क्लिप लावून का वाचत नाही, असं विचारलं, तर म्हणाले, क्लिपने करंट दिला की शेजारचा प्रोसेसरही अर्धवट जागा होतो, दोघे एकदम बोलतात आणि मजकूर चुकीचा उतरतो. फोंड्याच्या दादांच्या दोन चाव्यांसारखंच.

तीनदा वाचला, तिन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. पडद्यावर नुसत्या आकड्यांच्या रांगा होत्या. मग उजवीकडच्या रकान्यात, खुणाठिपक्यांच्या गर्दीत, अक्षरं दिसायला लागली. दादा म्हणाले, "ताई, आरसीवरचा चासी नंबर वाचा." मी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, ते बोट ठेवत गेले. सतरा अक्षरं, सतराही जुळली. महिनाभर जो डबा मी मेलेला समजून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, त्यात आमच्या गाडीचा नंबर शाबूत होता. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच नाही. कोल्हापूरच्या आयसीत सतरा अक्षरं होती, पण दुसऱ्याच कोणाच्या गाडीची.

आमच्या जुन्या प्लेटीत पिनांच्या खालचे आतले थरच खाल्ले गेले होते, ती वाचली नाही. दोन्ही डब्यांचा प्रोग्रॅमही एकच आवृत्तीचा निघाला, ते त्यांनी आधी तपासलं. मग आमचा आयसी त्या दुसऱ्या प्लेटीवर बसवला, आणि तिथला काढलेला आयसी नाव घातलेल्या पाकिटात मला दिला. मजुरी साडेचार हजार. डंपची फाइल माझ्यासमोर पेनड्राइव्हवर घातली, त्यांच्या कॉम्प्युटरवरून पुसली आणि सांगितलं, "ही आरसीसोबत कपाटात ठेवायची. ही तुमची तिसरी चावी."

आज सकाळी मेकॅनिकने डबा बसवला. चावी फिरवली, चावीच्या चित्राचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. सेल्फ अर्धा फिरला असेल नसेल, इंजिन चालू. आवाज पूर्वीसारखाच, खडखड नाही.

सीटांना अजून चिखलाचा वास येतो. त्या उन्हात टाकल्या आहेत. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायला बुधवारी वाळपईच्या बाजारात याच गाडीने जाणार, सासूबाई पुढच्या सीटवर.